पेपर दुसरा, दुपारचं सत्र

सकाळी अमेरिका, दुपारी मन.
वेळापत्रकच तसं आलंय केंद्रावर,
म्हणून दोन्ही पुस्तकं एकदमच उघडी ठेवते
ओट्यावर, कुकरच्या अलीकडे.
वाफेनं सतराशे त्र्याहत्तरचं पान फुगलंय,
चहाच्या पेट्या बंदरात फेकल्या, ते पान.

तीनशे बेचाळीस पेट्या.
यशू म्हणते, आई, आकडे पाठ कर, आकड्यांना मार्क असतात.
मला आधी चहाच दिसतो,
खाऱ्या पाण्यात, उकळी न येता वाया गेलेला.

सातला प्रेसचा भोंगा होतो.
जेल रोडला तो भिंतीतूनही ऐकू येतो.
आमचे हे उठतात,
खुंटीवरची पिशवी चाचपतात,
मग आठवतं, परत बसतात.
निवृत्त होऊन दोन वर्षं झाली जूनला.

अभिजात अभिसंधान, पान अकरा :
घंटा, अन्न, कुत्र्याची लाळ.
घंटा वाजत राहिली आणि अन्न येईनासं झालं
की सवय विझत जाते, त्याला विलोपन म्हणतात.
किती दिवसांत, ते दिलेलं नाही.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलंय :
दोन वर्षं, अजून नाही.
हे पान मी ह्यांना दाखवत नाही.

प्रकरण नऊ. कॉलेजातली चार काळी मुलं
दुकानातल्या काउंटरवर जाऊन बसली,
कॉफी मागितली.
दिली नाही. तरी बसून राहिली, दुकान बंद होईतो.
दुसऱ्या दिवशी जास्त आली.

इथे मी गॅस बंद केला.

आई देवळाली कॅम्पात धुणीभांडी करायची.
बंगल्याच्या मागच्या दारी, नळाच्या वर,
कोनाड्यात एक कप असायचा, कान तुटलेला.
तो तिचा.
एका सुट्टीत मी बरोबर गेले होते,
बाईंनी माझाही चहा ओतला,
आईनं तोच कप विसळून माझ्यापुढे धरला.
वेलदोडा होता त्यात. मी गटागट प्यायले.
आवडला.
दोन्ही पुस्तकं चाळली, हे कुठेच नाही,
की आवडला.

शनिवारच्या तासाला बोराडे सर म्हणाले,
दमन म्हणजे नको ती गोष्ट मनाच्या तळघरात ढकलणं,
उदाहरण स्वतःचं लिहा.
सुलभा गांगुर्डेनं कुत्रा चावल्याचं लिहिलं.
मी गणिताची भीती लिहिली, पाचात चार पडले.
कप लिहिला असता तर?
पण दमनाला आधी विसरावं लागतं,
आणि मी तर कानाचा कुठला तुकडा उरला होता
तेही काढून दाखवीन.

आमच्याकडे बसून राहणं जुनं आहे.
तीस साली पंचवटीत, देवळाच्या बंद दाराशी
आजा बसला होता.
घरात त्याचं एवढंच उरलंय
की भाकरी फडक्यात बांधून नेली
आणि तशीच परत आणली.
टीप लिहा, काउंटरवरचा सत्याग्रह, पाच गुण.
भाकरीला पुरवणी लागेल.

आज भोंगा झाला, हे उठले,
पिशवी काढली खुंटीवरून.
आत माझं हॉलतिकीट, दोन पेनं, पोळीभाजी.
खांद्याला लावली आणि बिटकोपर्यंत
माझ्यापुढे दोन पावलं चालत आले,
ड्यूटीला निघाल्यासारखे.

अमेरिका बरी गेली.
पेट्यांचा आकडा आला नाही,
काउंटर आला.
मधल्या तासात केंद्राबाहेर
टपरीवाल्यानं चहा दिला, कागदी कपात,
सुलभाला, मला, बोराडे सरांना,
सगळ्यांचे बिनकानाचे.
मी हसले, सुलभा म्हणाली, काय गं?
काही नाही म्हटलं.

मग घंटा झाली.
तोंडाला पाणी वगैरे सुटलं नाही,
पोटात गोळा आला.
उरलेला चहा तसाच ठेवून आत गेले.